सायकल कट्टा : पुढे किती दाते, मागे किती दाते?

पाऊस ओसरला की खान्देशातले सायकलवाले घाटांकडे वळतात. कुणी औट्रम घाट धरतं, कुणी तोरणमाळ, आणि मग आमच्याकडे गिअरची पत्रं यायला लागतात. या वेळी ती एकत्रच घेतली आहेत.

उत्तरांतले आकडे कसे काढले ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हालाही काढता येतील. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढी पुढे जाते. ७००×२५ टायरचा घेर २.१०५ मीटर, तोच सगळीकडे धरला आहे. एका फेऱ्याच्या अंतराला मिनिटाच्या फेऱ्यांनी आणि ६० नं गुणून १००० नं भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. पत्रांत पुढे ५३/३९ म्हणजे पुढच्या दोन रिंगांचे (दातेरी चाकांचे) दाते, मागे ११-२५ म्हणजे मागच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चकतीचे, आणि दहा स्पीड म्हणजे मागे दहा चकत्या. उत्तरांत ३९/२५ म्हणजे पुढे ३९, मागे २५.

नमुन्याचा स्वार ७५ किलोचा घेतला आहे. सायकल आणि पाणी मिळून १० किलो. तासभर टिकेल अशी त्याची ताकद १८० वॅट, म्हणजे नियमित चालवणारा पण शर्यतीत न उतरणारा माणूस. हा माणूस वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास जातो. समोरून ताशी २० चा वारा आला तर २० वर येतो, आणि ८ टक्क्यांच्या चढावर ९ वर. ताकद तिन्ही ठिकाणी तीच लागते. गिअर निवडताना लोक ३० चा विचार करतात, पण निवडायचा असतो तो ९ कडे बघून. ३० ची सोय कुठल्याही सायकलवर आपोआप होते.

प्रश्न : सेकंडहँड रोड बाईक घेतली आहे. दहा स्पीड, पुढे ५३/३९, मागे ११-२५. कन्नडकडे जाताना औट्रम घाटात सगळ्यात हलक्या गिअरवरही पाय अडकतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात. दुकानदार म्हणतात, पुढची छोटी रिंग ३४ ची टाकून देतो. टाकू का? (एक वाचक, चाळीसगाव)

आधी क्रँकच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. तुमच्या क्रँकला (पायडलचे दांडे आणि रिंगा मिळून जो भाग होतो त्याला) रिंग धरणारे पाच हात असतील आणि शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर ७६.४ मिलिमीटर भरलं, तर बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. जुन्या ५३/३९ क्रँकवर बहुधा हेच असतं. या वर्तुळावर सगळ्यात लहान रिंग ३८ ची बसते. त्याहून लहान रिंगेला बोल्टची भोकं पाडायला धातूच उरत नाही. म्हणजे ३४ त्या क्रँकवर बसणारच नाही, आणि ३९ काढून ३८ लावण्यात पैसे घालवू नका. अंतर ६४.७ भरलं तर वर्तुळ ११० चं आहे, त्यावर ३४ बसते. चार हातांच्या नव्या शिमानो क्रँकची गोष्ट वेगळी आहे. तिथे ५३/३९, ५२/३६ आणि ५०/३४ या तिन्ही जोड्या त्याच ११० वर बसतात.

आता गुडघ्याचं. ८ टक्के चढावर ताशी ९ नं चढायचं, तर ३९/२५ वर मिनिटाला जेमतेम ४६ फेरे होतात. १८० वॅट ४६ फेऱ्यांत काढायचे, तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पायाचा सरासरी दाब २२ किलो वजनाइतका येतो, आणि पायडल खाली जात असतानाचा कमाल दाब याच्या दुपटीच्या घरात. तेच काम ६३ फेऱ्यांत केलं तर सरासरी दाब १६ किलोवर येतो. घाटात हे हजारो वेळा घडतं. हा फरक गुडघ्याला दुसऱ्या दिवशी कळणारच.

तुमच्यापुढे रस्ते असे आहेत. क्रँक तीच ठेवून मागे २८ ची कॅसेट (चकत्यांचा संच) टाकली तर ३९/२८ वर ५१ फेरे होतात. कॅसेट तीच ठेवून ५०/३४ क्रँक टाकली तर ३४/२५ वर ५२ होतात. दोन्ही बदलले तर ३४/२८ वर ५९. एकेकट्या बदलानं जवळपास सारखाच फरक पडतो, म्हणून आधी कॅसेट बदला. ती स्वस्त आहे आणि तशीही झिजलेली असणार. दहा स्पीडमध्ये १२-२८ मिळते : १२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. दुकानदाराकडून मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) मर्यादा मात्र तपासून घ्या. त्या काळच्या आखूड पिंजऱ्याच्या (दोन छोट्या पुल्या धरणाऱ्या भागाच्या) डिरेलरवर कंपनी बहुधा २७ किंवा २८ पर्यंतच परवानगी देते. कॅसेट बदलून एकदा घाट चढून बघा. ५१ फेऱ्यांवरही पाय अडकत असतील (आमच्या मते अडकतीलच), तर क्रँकही बदला.

क्रँक बदलण्याआधी बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आडवा दांडा ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग) कोणतं आहे ते बघा. चौकोनी दांड्याचं असेल तर २४ मिलिमीटरच्या पोकळ दांड्याच्या क्रँकसाठी बाहेरून बसणारे कप घ्यावे लागतील. असा पोकळ दांड्याचा क्रँक काढताना डाव्या पायडलकडच्या हाताचे दोन बोल्ट आलटून पालटून सैल करा, टोपी काढा, मधली प्लास्टिकची चिपटी वर करा, मग हात ओढा. बसवताना टोपी नुसती बोटांच्या जोरानं आवळायची. जोर लावला तर बेअरिंग दाबले जातात आणि क्रँक जड फिरतो. नंतर दोन्ही बोल्ट थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की हात तिरका बसतो आणि पन्नासेक किलोमीटरनंतर टकटक सुरू होते.

पुढचा डिरेलर खाली घ्यायचा राहून जातो, तो विसरू नका. एका दात्यामागे रिंगेची त्रिज्या २ मिलिमीटरनं बदलते. ५३ ची ५० झाली म्हणजे दात्यांची टोकं ६ मिलिमीटर खाली गेली. डिरेलरही तेवढाच उतरवा. पिंजऱ्याचं बाहेरचं पान मोठ्या रिंगेच्या दात्यांवरून १ ते ३ मिलिमीटर वर राहायला हवं. जुन्या रुपयाच्या नाण्याची जाडी मध्ये सरकवून बघितली तरी अंदाज येतो. तो वरच राहिला तर चेन मोठ्या रिंगेवर चढताना फेकली जाते आणि क्रँकच्या हातावर ओरखडे पडतात.

चेनची लांबी तुमच्याकडे योगायोगानं जुळते. आधी मोठी-मोठी (पुढे मोठी रिंग, मागे मोठी चकती) ५३ अधिक २५ म्हणजे ७८, आता ५० अधिक २८ म्हणजेही ७८. लहान-लहान मात्र जुळत नाही. पुढचा फरक १६ आणि मागचा १६ मिळून ३२ होतात. आखूड पिंजऱ्याचे जुने डिरेलर २९ च्या आसपासच ढिलाई खेचू शकतात. त्यामुळे ३४ वर असताना मागच्या शेवटच्या दोन-तीन चकत्यांवर चेन लोंबकळेल. मोडणार काही नाही. ३४/१२ वापरायची गरजही पडत नाही, ते काम ५०/१७ करतं.

दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल, तर सीट खाली राहिली आहे का तेही बघा. टाच पायडलवर ठेवून पाय तळाला पूर्ण सरळ व्हायला हवा.

प्रश्न : नवी सायकल घेतोय. त्याच फ्रेमवर ५२/३६ आणि ५०/३४ असे दोन पर्याय आहेत. दुकानात सांगतात, आपल्याकडे सपाट रस्ते आहेत, ५२ घ्या, वेग मिळेल. (एक वाचक, जळगाव)

वेग रिंग देत नाही. मिनिटाला ९० फेऱ्यांवर ५०/११ नं ताशी ५१.७ किलोमीटर होतात आणि ५२/११ नं ५३.७. जळगाव-धुळे महामार्गावर तुम्ही किती वेळ ५० च्या वर असता? उतारावर ५०/११ नं ११० फेरे मारले तर ६३ पर्यंत जाता येतं. त्यापुढे पायडल मारण्यापेक्षा अंग मिटून बसणं जास्त वेग देतं.

खालच्या टोकाला काय होतं ते बघा. ३६/३४ म्हणजे १.०६ आणि ३४/३२ म्हणजेही १.०६. चढासाठी ५२/३६ सोबत ११-३४ घेणं आणि ५०/३४ सोबत ११-३२ घेणं जवळपास एकच. पण कॅसेट जितकी रुंद, तितकी तिच्यात पायरी मोठी. अकरा स्पीडची ११-३४ अशी असते : ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. ११-२८ अशी : ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. सपाटीवर सगळा खेळ ११ ते १९ च्या पट्ट्यात चालतो, आणि तिथे ११-३४ दर वेळी दोन दाते उडी मारते. ९० फेऱ्यांनी १७ वर चालवत असताना त्याच वेगात १५ वर गेलात तर फेरे ७९ वर येतात. ९० हलके वाटतात, ७९ जड, आणि मधलं काही हाताशी नाही. एरंडोल, पारोळा करत तासन्‌तास एकाच लयीत जाणाऱ्याला हे खुपतं. डोंगरात खुपत नाही, कारण तिथे चढ सारखा बदलत असतो.

म्हणून जळगावसाठी आमचं उत्तर ५०/३४ आणि ११-३०. ही कॅसेट ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२४-२७-३० अशी येते, म्हणजे वरचा पट्टा ११-२८ सारखाच दाट. ३४/३० वर ८ टक्क्याच्या चढाला ६३ फेरे पडतात, अजिंठ्याच्या घाटाला पुरे होतात. गटानं ३५ च्या पुढे चालवणारे असाल तरच ५२/३६ चा विचार करा. तिथे मोठ्या रिंगेवर चेन कॅसेटच्या मधल्या चकत्यांवर सरळ राहते, हा तिचा खरा फायदा आहे.

तुम्ही ज्या वेगात बहुतेक वेळ असता, म्हणजे २५ ते २८, तिथे ५०/३४ ची एक अडचण आहे, तीही सांगायला हवी. ताशी २७ ला ८५ फेरे ठेवायचे तर २.५ च्या आसपास गुणोत्तर लागतं. ते ५०/२० ला येतं किंवा ३४/१३-१४ ला, म्हणजे एका रिंगेवर चेन आत कलते आणि दुसरीवर बाहेर. थोडा चढ-उतार आला की पुढची रिंग बदलायची, आणि ती बदलली की १६ दात्यांचा फरक भरून काढायला मागे दोन-तीन चकत्या उलट बदलायच्या. याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी ४६/३० आणि ४८/३१ असे क्रँक आता मिळतात. ४६/१८ ला २.५६ येतात आणि चेन जवळपास सरळ. आमच्या मते शर्यत न खेळणाऱ्या बहुतेकांना हेच क्रँक जास्त योग्य आहेत, फक्त रोड बाईकवर ते दिलेले नसतात म्हणून कुणी विचारत नाही. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतला घेणार असाल तर त्याच मालिकेतला पुढचा डिरेलरही घ्यावा लागेल. त्या रिंगा रोडच्या क्रँकपेक्षा साधारण अडीच मिलिमीटर बाहेर असतात, रोडचा डिरेलर तिथपर्यंत नीट पोचत नाही.

प्रश्न : ५०/३४, मागे ११-२८. धुळ्याहून साक्रीकडे जाताना वाऱ्यात २० च्या वर जाता येत नाही. ५० वरच ठेवतो, मागे २५-२८ लावतो, तेव्हा खरखर आवाज येतो. सपाट रस्त्यावर छोट्या रिंगेवर जायचं बरोबर वाटत नाही. (एक वाचक, धुळे)

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या वाऱ्याच्या भरवशावरच. समोरून असा वारा आला की तो रस्ता चढच समजा. वर सांगितलेल्या १८० वॅटच्या माणसाला २० च्या वाऱ्यात ताशी २० च मिळतात. तुम्ही कमी पडत नाही आहात.

ताशी २० ला ८५ फेरे ठेवायचे तर १.८६ गुणोत्तर लागतं. ५०/२७ किंवा ३४/१८. पहिल्यात चेन पुढे सगळ्यात बाहेरच्या आणि मागे सगळ्यात आतल्या बाजूला ओढली जाते. तिची कडी दात्यावर तिरकी बसते, बाजूच्या पट्ट्या शेजारच्या चकतीला आणि पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासतात. ती खरखर म्हणजे चेनचं आणि रिंगेचं आयुष्य झिजतंय. ३४/१८ ला चेन कॅसेटच्या मधोमध आहे, आवाज नाही आणि वारा थांबला-सुटला तर दोन्हीकडे गिअर शिल्लक आहेत. तुमच्या कॅसेटवर १७ आणि १९ आहेत, वाऱ्याच्या झुळकीप्रमाणे त्यांतच खेळा. साक्रीला जाताना ३४ वर आणि परतीला ५० वर, असं खुशाल चालवा.

रिंग बदलायची ती झोत यायच्या आधी, पायांवर दाब असताना नाही. ५० वरून ३४ वर चेन उतरवताना अर्धा फेरा पाय हलके ठेवा. नाहीतर चेन ३४ ओलांडून आत फ्रेमवर पडते. वारंवार पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा आतल्या मर्यादेचा स्क्रू बघा : पुढे ३४ आणि मागे सगळ्यात मोठी चकती असताना पिंजऱ्याचं आतलं पान आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर फट हवी, जास्त नको.

प्रश्न : तोरणमाळसाठी ११-२८ काढून ११-३४ टाकायची आहे. सायकलवर शिमानोची १०५ आर ७००० मालिका आहे, अकरा स्पीड, ५०/३४. ऑनलाईन कॅसेट मागवून स्वतःच बसवू शकतो का? (एक वाचक, शहादा)

बसवू शकता, पण आधी मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं वाचा. एसएस (आखूड पिंजरा) असेल तर थांबा. आर ७००० चा आखूड पिंजरा मागे ३० पर्यंतच आहे आणि एकूण क्षमता ३५. जीएस (त्याहून लांब पिंजरा) असेल तर मागे ३४ पर्यंत आणि क्षमता ३९. तुमचा हिशोब : पुढे ५० उणे ३४ म्हणजे १६, मागे ३४ उणे ११ म्हणजे २३, एकूण ३९. जीएसच्या काठोकाठ बसतं. एसएसवर वरची छोटी पुली ३४ च्या चकतीला टेकते, पायडल मारताना दळण दळल्यासारखा आवाज येतो आणि त्या चकतीवर चेन नीट चढतच नाही. बाजारात हँगरला (फ्रेमवरच्या, डिरेलर टांगायच्या पट्टीला) जोडायची लांबण मिळते, तिनं डिरेलर खाली जाऊन जागा होते. पण पुली बाकीच्या चकत्यांपासूनही लांब जाते आणि सगळेच गिअर सुस्त पडतात. एसएस असेल तर आमचा सल्ला जीएस डिरेलर घेण्याचा.

१०५ दर्जाची ही ३४ ची कॅसेट एचजी ७०० या नावानं मिळते. तिचा खोडाचा भाग दहा स्पीडच्या मापाचा आहे. तुमच्या अकरा स्पीडच्या रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) आधी १.८५ मिलिमीटरची पातळ चकती सरकवायची, मग कॅसेट. ही चकती खोक्यातच असते आणि अनेकदा खोक्यातच राहते. ती नसेल तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारं टोकाचं नट) पूर्ण आवळल्यावरही कॅसेट हातानं हलते, आणि गिअर कितीही जुळवले तरी जुळत नाहीत. लॉकरिंग ४० न्यूटन मीटर, म्हणजे लांब पान्यावर चांगलाच जोर. शेवटी कर्र कर्र असा आवाज येतो, तो तिथल्या खाचांचा, तो यायलाच हवा.

जुनी चेन वापरू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ५० अधिक २८ वरून ५० अधिक ३४ वर गेलात, सहा दाते वाढले. चेन त्यांच्या निम्म्यावर वेढते, म्हणजे तीन कड्या जास्त लागतात, आणि आतली-बाहेरची कडी जोडीनं येत असल्यामुळे प्रत्यक्षात चार. जुन्या चेननं मोठ्या रिंगेवर असताना घाईत ३४ ला नेलं, की चेन ताठ होऊन डिरेलर पुढे खेचला जातो, हँगर वाकतो किंवा तुटतो, आणि डिरेलर स्पोकमध्ये जातो. तोरणमाळच्या सातपायरीच्या वळणावर हे झालं तर उरलेला घाट सायकल हातात धरून.

नवी चेन मोजायची अशी : डिरेलरमधून न ओवता ती पुढच्या मोठ्या रिंगेवरून आणि मागच्या ३४ वरून गुंडाळा, टोकं ओढून जिथे भेटतात तिथे दोन कड्या जास्त ठेवा आणि तोडा. मग ओवून जोडा. मागच्या डिरेलरचा बी स्क्रू (पुली आणि चकत्या यांतलं अंतर ठरवणारा) फिरवून वरची पुली ३४ च्या चकतीपासून ५-६ मिलिमीटरवर आणा. मोजताना चेन पुढे ३४ आणि मागे ३४ वर हवी, आणि पायडल उलटं फिरवून बघा, घासत नाही ना. आतल्या मर्यादेचा स्क्रूही तपासा. डिरेलरला बोटानं आत ढकलून बघा, ३४ च्या पलीकडे जाता कामा नये.

मग ३४/३४ वर तुम्हाला ताशी ९ ला मिनिटाला ७१ फेरे मिळतील. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर आहे, चढ लांब आहे. तिथे ७१ आणि ५९ यांतला फरक शेवटच्या वळणांवर कळतो.

प्रश्न : माझी साधी सात स्पीडची रोड बाईक आहे, ५०/३४, मागे १४-२८ फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा संच). महागड्या सायकलींसारखे गिअर हवे तर काय बदलू? (एक वाचक, भुसावळ)

काहीच नाही. चढाचा तुमचा गिअर ३४/२८, आणि लाखाच्या सायकलवर ११-२८ असेल तर तिचाही तोच. वरच्या टोकाला ५०/१४ नं ९० फेऱ्यांना ताशी ४० होतात. तुमच्या चकत्या १४-१६-१८-२०-२२-२४-२८ अशा असणार, म्हणजे उड्याही फार मोठ्या नाहीत. १४-३४ चं फ्रीव्हील मिळतं, पण त्यात २४ वरून थेट ३४ ची उडी असते आणि तुमचा डिरेलर ३४ घेईल असं गृहीत धरू नका.

एक काळजी मात्र घ्या. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आतल्या बाजूला असतं, त्यामुळे मागचा आस बाहेर बराचसा आधाराविना राहतो आणि खड्ड्यांत वाकतो. चाक काढून आस दोन बोटांत फिरवा. टोक गोल फिरताना डोलत असेल तर तो मोडायच्या आत बदला. फ्रीव्हील काढताना त्याच्या खाचांचा पाना व्हाइसमध्ये पकडून चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. पायडल मारून ते वर्षानुवर्षं घट्ट होत गेलेलं असतं, हातातल्या पान्याला दाद देत नाही. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे, शर्यतींना सुरुवात करतेय. ज्युनिअर गटात गिअरवर बंधन असतं असं ऐकलंय. ५०/३४ आणि ११-२८ चालेल का? (एक पालक, अमळनेर)

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचं बंधन ७.९३ मीटरचं होतं, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल त्याहून पुढे जाता कामा नये. १ जानेवारी २०२३ पासून त्यांनी ते काढून टाकलं. पण प्रत्येक स्पर्धेचे स्वतःचे नियम असू शकतात, म्हणून आयोजकांकडून नियमपत्रक मागून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

बंधन असेल तर ५०/११ चालणार नाही, ते ९.५७ मीटर जातं. ५०/१३ सुद्धा ८.१० जातं. ५०/१४ ला ७.५२, ५२/१४ ला ७.८२ मीटर, हे दोन्ही बसतात. १४ पासून सुरू होणाऱ्या कॅसेट याचसाठी निघाल्या आहेत. घरी मोजायचं असं : टायरमध्ये नेहमीची हवा भरा, जड गिअर लावा, क्रँक उभा करून टायर जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करा, सायकल सरळ मागे ढकलत क्रँकचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि दुसरी खूण करून मधलं अंतर टेपनं मोजा. टायर २८ चा असेल तर घेर २.१३६ होतो आणि ५२/१४ थेट ७.९३ वर येऊन टेकतं, तेव्हा शर्यतीला २५ चा टायर बरा.

बंधन असो वा नसो, या वयात ९० फेऱ्यांच्या वर हलक्या पायानं चालवायची सवय लागू दे. मुलगी उंचीनं लहान असेल तर गिअरच्या आधी क्रँकची लांबी बघा. १७० ऐवजी १६५ चा लागण्याची शक्यता आहे.

प्रश्न : नवी चेन टाकली आणि पाय जोरात मारला की मागे चेन सटकते. जुन्या चेनला असं होत नव्हतं. चेन सदोष आहे का? (एक वाचक, यावल)

चेन बरोबर आहे, कॅसेट झिजली आहे. जुनी चेन आणि चकत्या एकमेकींसोबत झिजत गेल्या, म्हणून जुळत होत्या. नव्या चेनच्या कड्या नेमक्या अर्ध्या इंचावर आहेत आणि झिजलेल्या दात्यांच्या खोबणी त्याहून लांबल्या आहेत. जोर आला की रोलर दात्याच्या पाठीवर चढून पुढे घसरतो. तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्या दोन-तीन चकत्यांवरच हे होत असेल. बाकीच्यांवर होत नसेल तर निदान पक्कं. दाता जवळून बघा : नवा दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो, झिजलेला शार्कच्या पंखासारखा एका अंगानं वाकतो.

चेन वेळेत बदलली असती तर कॅसेट वाचली असती. पट्टीनं मोजता येतं. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, १२ इंचावर पिनेचाच मध्य यायला हवा. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर अर्धा टक्का झीज झाली. अकरा आणि बारा स्पीडला इथेच चेन बदला, आठ ते दहा स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. १/८ इंच गेला असेल तर कॅसेटही गेली असं धरा, आणि कदाचित पुढची रिंगही.

तुमच्याकडे झीज लवकर होते त्याला कारण आहे. काळी माती ओली असताना चेनला लिंपली जाते, वाळली की तिचं बारीक पीठ होतं आणि तेलात मिसळून रोलरच्या आत पिनेला घासत राहतं. त्यातच कापसाचा हंगाम असेल तर तंतू तेलकट पुल्यांभोवती गुंडाळतात आणि त्या तंतूंत ती माती अडकून बसते. दर आठवड्याला जुन्या सुरीच्या टोकानं पुल्यांच्या कडा खरवडा. रॉकेलनं चेन धुतली तर उन्हात पूर्ण वाळू द्या, आत रॉकेल राहिलं तर नवं तेल पातळ होऊन निघून जातं. मग सावकाश पायडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब, साधारण ११० थेंब. पाच मिनिटं थांबा आणि बाहेरून चेन कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं फक्त माती धरतं.